पाचवीतली न वाचणारी मुलं: प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका अनुदानित मराठी शाळेतल्या बाईंचा आहे. पाचवीचा वर्ग, पट पन्नासच्या वर. त्यातली तीन मुलं वाचत नाहीत. तोंडी विचारलं तर दोघांची उत्तरं चटकन येतात, हातात पेन दिलं की पान कोरं. तिसरी एक मुलगी आहे. ती गप्प बसते, फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेते, पण उतरवलेलं तिला वाचता येत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "आधी अक्षमतेचं सर्टिफिकेट आणू द्या, मग बघू." एका मुलाचे वडील म्हणतात, "आमचा पोरगा काय वेडा आहे का?" बाईंनी घटक चाचणीत एकाला जास्त वेळ दिला, तर दुसऱ्या मुलाच्या आईनं येऊन विचारलं, "मग आमच्या मुलावर हा अन्याय नाही का?" त्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा लागली आहे. या मुलांचं करायचं काय?

मी नाशिकमध्ये विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं काम करते आहे, शहरातल्या शाळांत आणि दिंडोरी-पेठ बाजूच्या शाळांतही. त्या कामातून जे हाती लागलं ते लिहिते.

बाई, मुख्याध्यापकांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण गाडी तिथेच अडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं, हा त्यांतला एक आहे. याच कायद्याचं कलम १६ शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांना लागू आहे. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करण्यासाठी अध्यापनाचे आणि इतर योग्य उपाय करायचे, ही जबाबदारी त्या कलमाखाली शाळेची आहे. आधी प्रमाणपत्र, मग उपाय, असा क्रम त्यात कुठेही नाही. प्रमाणपत्र लागतं ते बोर्डाच्या सवलतींना आणि शासकीय योजनांना. वर्गात प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायला कुणा डॉक्टरांची सही लागत नाही. हे कलम छापून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. बहुतेक मुख्याध्यापक मनातून विरोधात नसतात. उद्या कुणी जाब विचारला तर काय दाखवायचं, ही त्यांची काळजी असते, आणि कागद दिसला की ती बरीचशी मिटते.

आता मुलांकडे वळू. तिघांनाही एकच अडचण आहे असं धरून चालू नका. आपल्या जिल्ह्यात वाचता न येण्याची कारणं बरीच आहेत. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येतात, मुलांची शाळा मध्येच सुटते. कुणाच्या घरी कोकणा बोली असते, बागलाण-मालेगावकडून आलेल्यांकडे अहिराणी, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी आणि भोजपुरी. पुस्तकातली मराठी या मुलांना कानानंच परकी असते. ही अक्षमता नव्हे. नीट आणि सलग शिकवलं की अशी मुलं भराभर पुढे जातात. नियमित शाळेत येऊन, समज चांगली असून, बाकीच्यांबरोबर शिकवूनही ज्याचं वाचन जागचं हलत नाही, त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शासकीय आणि अनुदानित शाळांत येतं, त्या दिवशी या तिघांची नावं स्वतः पुढे करा. फळा न दिसणारं मूल पाचवीपर्यंत कुणाच्या लक्षात न आल्याचं मी पाहिलं आहे.

मग वह्या काढा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडून द्या, त्या सगळ्यांच्याच होतात. बघायचं ते हे: काना-मात्रा गळतात का, 'बदक'चं 'दबक' होतं का, 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांची गल्लत पाचवीतही चालू आहे का, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला आहे का. जोडाक्षरांपाशी थांबा. 'पुस्तक'चं 'पुसतक' झालं असेल तर मुलाला आवाज ऐकू आला आहे, जोडायचं कसं ते कळलेलं नाही. 'पुतक' झालं असेल तर 'स' कानातूनच निसटला आहे. या दोन चुकांवर शिकवायचं वेगळं, म्हणून लाल रेघ मारून पुढे जाऊ नका.

देवनागरीत काही जागा मुळातच अवघड आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणताना इकार नंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो, पण लिहिताना रफार 'य'च्या डोक्यावर चढतो. आपल्याला सवयीनं हे दिसेनासं होतं. ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची सांगड घालणंच जड जातं त्याला इथे प्रत्येक वेळी ठेच लागते. इंग्रजीपेक्षा मराठीचं बरं आहे, अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात. त्यामुळे आपली मुलं चुकांपेक्षा वेगात जास्त मागे पडतात. सातवी-आठवीत गेलेलं मूल बरोबर वाचतं, पण इतकं हळू की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. ते वाचतं आहे म्हणून त्याची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही.

पुस्तकाचं पान वाचायला देऊन मात्र फसू नका. पाठ असलेला धडा बोटाखालून धडाधड म्हणणारी मुलं भरपूर असतात. 'टिमोक', 'गालुसे', 'फेरणी' असे निरर्थक शब्द कागदावर लिहून द्या. ते फक्त अक्षर ओळखून वाचता येतात, अंदाज चालत नाही. नंतर कागद बाजूला ठेवून नुसते आवाज खेळा. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय राहतं? 'माळ'मधल्या 'मा'ला काना न देता वेलांटी दिली तर? तिसरीतली बहुतेक मुलं हसत हसत 'मीळ' म्हणतात. पाचवीतलं हुशार मूल जर इथे गोंधळलं, तर अडचण डोळ्यांपेक्षा आवाजांच्या जाणिवेत आहे असं समजा. हे निदान नव्हे. निदान मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर करतील. पण उद्यापासून काय शिकवायचं हे ठरवायला एवढं पुरतं.

माझं मुख्य सांगणं इथे येतं. मूल वाचायला शिकेपर्यंत त्याचं बाकीचं शिकणं थांबता कामा नये. रोज थोडा वेळ वाचनाची पायाभरणी करायची, आणि उरलेला दिवस वाचनावाचूनही विषय त्याच्यापर्यंत पोचेल अशी सोय ठेवायची. आपल्याकडे पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. 'आधी वाचायला शीक, मग विज्ञान बघू' असं म्हणता म्हणता मूल चार वर्षं विज्ञान, इतिहास, गोष्टी, सगळ्याला मुकतं. नंतर वाचायला लागलं तरी शब्दसाठा तिसरीतलाच राहिलेला असतो.

पायाभरणीसाठी रोजची वीस मिनिटं मिळवा. परिपाठानंतर, मधल्या सुट्टीआधी, कुठूनही. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा ही वीस मिनिटं कितीतरी जास्त कामाला येतात. अख्खी बाराखडी घोकायला लावू नका. घोकलेली बाराखडी चालीत येते, आणि मधूनच 'मे' कुठला विचारलं की मूल 'म, मा, मि, मी' करत तिथपर्यंत जातं. चार-पाच अक्षरं आणि फक्त काना घ्या, त्यातून होतील तेवढे शब्द आणि वाक्यं वाचू द्या, लिहू द्या. ती पक्की झाली की वेलांट्या. ऱ्हस्व आणि दीर्घ वेगवेगळ्या दिवशी. अक्षर म्हणत म्हणत मोठं गिरवायचं, रेतीत, पाटीवर, हवेत. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावण्याची ही रीत सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत १९३०च्या दशकात इंग्रजीसाठी बसवली. क्रम मात्र आपल्याला आपल्या लिपीचा ठरवावा लागतो.

जोडाक्षरांचा माझा क्रम असा आहे. आधी ज्यांच्यात अर्धं अक्षर स्वच्छ दिसतं ती: म्ह, ल्ल, स्त, न्य, ग्य. मग 'क्क', 'ट्ट', 'द्द' यांसारखी. 'र'ची रूपं सगळ्यात शेवटी आणि एकावेळी एकच: 'क्र'मधला, 'ट्र'मधला, रफार, आणि 'ऱ्य'मधला. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना सरळ नवी अक्षरं म्हणून शिकवा, फोड करून दाखवण्यात वेळ जातो. रफाराला दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं मात्र आजच बंद करा. मूल तिसऱ्या वेळी चुकीचं लिहितं आणि उरलेल्या सात वेळा तेच पक्कं करतं. शब्द टाळीनं तोडायचा, प्रत्येक तुकड्याला एक खूण मांडायची, लिहायचा, झाकायचा, पुन्हा लिहायचा. दोन वेळा पुरतं.

आणि एक कळकळीची विनंती. या मुलांना भर वर्गात अचानक उभं करून धडा वाचायला सांगू नका. पन्नास मुलांसमोर अडखळण्याची भीती ज्या मुलाच्या पोटात बसते, ते तास सुरू झाल्यापासून आपला नंबर कधी येतो एवढंच मोजत असतं. धड्याकडे त्याचं लक्ष नसतं. वाचायला द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगा, घरी किंवा मित्राबरोबर तीन-चार वेळा वाचू द्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच वाचायला द्या.

दिवसाच्या बाकीच्या तासांचं एक उदाहरण देते. परिसर अभ्यासाच्या चाचणीत प्रश्न होता, गोदावरी कुठे उगम पावते. एक मुलगा श्रावणात आजीबरोबर ब्रह्मगिरीची फेरी करून आलेला. तोंडी विचारलं तर डोंगर, कुशावर्त, तिथून नदी कशी नाशिककडे येते, सगळं सांगत होता. उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं 'बमगिरी', आणि त्याला शून्य गुण होते. त्या शून्यानं त्याचं भूगोलाचं ज्ञान मोजलंच नव्हतं. परिसर अभ्यासाच्या पेपरात परिसर अभ्यास तपासा, शुद्धलेखन मराठीच्या पेपरात तपासा. 'बमगिरी'ला पूर्ण गुण द्या आणि शेजारी पेन्सिलीनं 'ब्रह्मगिरी' लिहा. मराठीच्या निबंधातही कल्पना, मांडणी आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे टाका, म्हणजे चांगला विचार करणाऱ्या मुलाला आपलं काय चांगलं आहे ते तरी दिसेल.

फळ्यावरून उतरवून घेणं हे या मुलांचं दिवसातलं सगळ्यात दमवणारं काम असतं. सगळा वेळ त्यातच जातो, समजून घ्यायला काही उरत नाही. अर्धं लिहिलेलं टिपण त्यांच्या हातात द्या, मोकळ्या जागा भरू द्या. गृहपाठात दहा प्रश्न असतील तर यांना चार. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतो, तिथलं साहित्य ऐकता-बघता येतं. घरी आईच्या मोबाइलवर संध्याकाळी अर्धा तास ते लावायला सांगा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. फोनमधली वाचून दाखवणारी सोय मराठी बऱ्यापैकी वाचते.

गणितात वेगळी गाठ असते. 'पंचवीस' ऐकताना आधी पाच, मग वीस. लिहिताना आधी २, मग ५. 'एकोणसाठ' ऐकलं की कानात साठ राहतं आणि वहीत ६९ येतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस पाच' अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. डॉ. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी ती बाजू समजावून सांगितली होती. बाकीच्या मुलांचं काहीही असो, गणन अक्षमता असलेल्या, म्हणजे आकडेच जड जाणाऱ्या, मुलाला मी हीच वाट देते. 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच' असं दोन्ही म्हणू देते, आणि काड्यांचे दशक गठ्ठे हाताखाली ठेवते. पाचवीत काड्या नको असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच अंक, म्हणजे हातचे आणि घरं सरकत नाहीत. पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवा. भागाकाराची रीत शिकायची असताना सातापाशी अडकून रीतच राहून जाते, ते तरी टळेल. शाब्दिक उदाहरण वाचून दाखवा. बरीच मुलं गणितात नापास होतात ती वाचनामुळे.

आता त्या आईंचा प्रश्न: आमच्या मुलावर अन्याय नाही का? त्यांना झिडकारू नका, प्रश्न खरा आहे. त्यांना विचारा, तुमच्या मुलाचा एखादा गुण कमी झाला का, त्याचा वेळ कापला गेला का? उत्तर नाही असेल. मग समजावून सांगा की ज्याला वाचायलाच दुप्पट वेळ लागतो त्याला तेवढाच वेळ देणं म्हणजे त्याला अर्धा पेपर देणं. आणि जमेल तिथे सोय सगळ्यांसाठी खुली ठेवा, म्हणजे तक्रारीला जागा राहत नाही. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका सुरुवातीला अख्ख्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटी दहा मिनिटं हवी त्यानं घ्या, असं सगळ्यांना सांगा. बहुतेक मुलं आधीच पेपर देऊन मोकळी होतात, ज्यांना लागतात तीच बसतात. वाचून दाखवल्याचा फायदा घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलालाही होतो आणि नुकत्याच आजारातून उठलेल्यालाही. मुलांपुढे काही लपवू नका. 'याला वाचायला वेळ लागतो, गोष्ट सांगायला लागत नाही' एवढं सरळ सांगितलं की पाचवीतली मुलं ते सहज मान्य करतात. चिडवाचिडवी होते ती बहुधा मोठ्यांच्या तोंडचा 'ढ' ऐकून.

अन्याय खरा कुठे आहे तेही सांगते. पैसे असलेल्या घरातलं मूल दुसरीतच मानसशास्त्रज्ञाकडे जातं, खासगी उपचारात्मक शिकवणी लावतं, सातवीपर्यंत सावरतं. तीच अडचण असलेलं महापालिका शाळेतलं किंवा आश्रमशाळेतलं मूल 'लक्ष देत नाही' या शेऱ्यासह पुढे ढकललं जातं आणि नववीत शाळा सोडतं. मुलींचं त्याहून वाईट. दंगा करणारा मुलगा निदान नजरेत तरी येतो. तुमची ती तिसरी मुलगी, जी फळ्यावरचं सुबक उतरवते, तिच्याकडे सगळ्यात आधी बघा. सुंदर अक्षर आणि गप्प स्वभाव यांच्याआड पाच वर्षं न वाचता काढलेल्या मुली मी अनेक पाहिल्या आहेत. घरी त्यांच्याविषयी तक्रार जात नाही, म्हणून तपासणीही होत नाही.

वडिलांशी बोलताना 'अक्षमता' या शब्दापासून सुरुवात नको. आधी मुलाला काय येतं ते सांगा, खरं आणि नेमकं. मग वही उघडून दोन ओळी दाखवा. 'याची बुद्धी चांगली आहे, म्हणून तर आम्हाला हे वेगळं वाटतंय' असं म्हणा. हे घराण्यातून येऊ शकतं, म्हणून 'तुम्हाला लहानपणी वाचन जड जायचं का?' असं हळूच विचारा. अनेक वडील इथे गप्प होतात आणि मग स्वतःच्या शाळेबद्दल बोलायला लागतात. त्यानंतर 'वेडा' हा शब्द पुन्हा निघत नाही. आईला मात्र मुद्दाम सांगा की तिनं काही कमी केलं म्हणून हे झालेलं नाही. मारणं बंद, तिसरी शिकवणी बंद. स्मरणशक्तीची टॉनिकं आणि डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे वर्ग यांना शास्त्रीय आधार नाही. गरीब घरं त्यात महिन्याचा पगार घालवतात, म्हणून आधीच सावध करा.

प्रमाणपत्राची तयारीही सुरू ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेत प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी व्हायला हवी. तुमची मुलं ती वेळ ओलांडून गेली आहेत, तेव्हा उशीर नको. शाळेचं पत्र, दोन वर्षांच्या वह्यांची पानं आणि तुमच्या निरीक्षणांची नोंद बरोबर द्या. बुद्ध्यंक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या एका बैठकीत संपत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या फेरीनंतर ते जात नाहीत. शक्य असेल तर शाळेतलं कुणीतरी बरोबर जा. जिल्हा रुग्णालयात चौकशी मुख्याध्यापकांच्या पत्रानं करा.

दहावीला बोर्डाकडून जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. केंद्राच्या २०१८च्या सूचनांत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं ठेवला होता. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. लेखनिक घेणं हेही एक कौशल्य आहे. उत्तर मनात रचून, विरामचिन्हांसकट सांगणं हे पहिल्यांदा मार्चमधल्या पेपरात जमत नाही, त्याचा सराव आठवीपासून शाळेच्या परीक्षांत हवा. गणिताऐवजी सोपा पर्याय घेण्याची घाई करू नका. गणित सोडलं की डिप्लोमा आणि विज्ञान शाखेची वाट अवघड होते. तक्ता, कॅल्क्युलेटर आणि वेळ यांच्या मदतीनं जमतंय का, ते दोन वर्षं करून बघा आणि मगच ठरवा.

शाळेत विशेष शिक्षक आहे का, हेही तुम्ही विचारायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्राला सांगितलं, आणि केंद्रानं २०२२मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असं ते ठरवलं. प्रत्यक्षात समग्र शिक्षा या शासकीय योजनेतल्या एकेका विशेष शिक्षिकेकडे अनेक शाळा असतात आणि ती तुमच्याकडे कधीतरीच येते. ती आली की मुलाला तिच्याबरोबर व्हरांड्यात पाठवू नका. तिला तुमच्या तासाला मागे बसवा, मूल कुठे अडतं ते बघायला सांगा, आणि पुढच्या भेटीपर्यंत तुम्ही काय करायचं ते लिहून घ्या. तिचा एक तास मुलाबरोबर गेला तर तो एकच तास. तुमच्याबरोबर गेला तर महिनाभर पुरतो.

राहिली वार्षिक परीक्षा. २०२३-२४पासून राज्यात पाचवी आणि आठवीला ती आहे, अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात राहतो. या मुलांना त्याच वर्गात ठेवून काही साधत नाही, कारण जे शिकवणं पहिल्यांदा पोचलं नाही तेच पुन्हा वाट्याला येतं. परीक्षा शाळास्तरावर होते, त्यामुळे प्रश्न वाचून दाखवणं, जादा वेळ, तोंडी उत्तर लिहून घेणं हे आधी मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीनं ठरवून ठेवा. पेपरच्या दिवशी मागाल तर अपवाद केल्यासारखं दिसेल. वर्षभर घटक चाचण्यांत तेच केलेलं असेल आणि नोंदीत असेल तर कुणाला आक्षेप घेता येणार नाही.

म्हणून सोमवारपासून एक साधी वही ठेवा, प्रत्येक मुलाला चार पानं. आज निरर्थक शब्दांच्या यादीतले किती वाचले, कुठल्या अक्षरावर अडला, कुठली सोय दिली, तिचा काय उपयोग झाला. दोन महिन्यांनी तशीच नवी यादी वाचून घ्या. दोघा मुलांच्या वाचनात फरक दिसेल असं मला वाटतं, मुलीला जास्त वेळ लागेल, कारण तिला आधी आपल्याला येत नाही हे बोलून दाखवायचं धाडस व्हायला हवं. तिच्याशी वर्गाबाहेर, एकटीशी बोला. रफारावर किंवा वेलांटीवर तिघांपैकी कुणी अडून बसलं तर त्याच्या वहीचं पान नाव झाकून मला दाखवा, चुका बघून पुढचा क्रम सांगते.